डेअरडेव्हिल परत आली, पण माझा भाऊ ती लावू देत नाही

गच्चीवरची

नमस्कार मंडळी. 'डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन'चा पहिला सीझन ज्यांचा बघायचा राहिलाय त्यांनी कृपया इथूनच परत फिरा, पुढे सगळं उघड लिहिलंय.

माझा धाकटा भाऊ लहानपणापासून अधू नजरेचा. दहावीपर्यंत होती तेवढीही नजर गेली. आता त्याला खोलीत खिडकी कुठल्या बाजूला आहे तेवढं कळतं. २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं तेव्हा तो पुण्यात एफवायला होता आणि माझी पहिलीच नोकरी होती. सदाशिव पेठेत एका खोलीत आम्ही दोघं राहायचो. पहिला महिना फुकट होता म्हणून घेतलं. माझ्या ऑफिसातली एक मुलगी म्हणाली, 'डेअरडेव्हिल' नावाची एक मालिका आहे, नायक आंधळा वकील आहे, आणि तिला वर्णनाचा वेगळा ऑडिओ ट्रॅक आहे. संवादांच्या मधल्या जागेत एक आवाज सांगत जातो की पडद्यावर काय चाललंय.

तोपर्यंत आमच्या घरात हे काम माझं होतं. "आता तो उठला. आता दार उघडलं. आता ती रडतेय." मी कंटाळले की मधलं गाळायचे आणि गाळलं की त्याला बरोबर कळायचं. त्यामुळे हा ट्रॅक म्हणजे मला सुटका वाटली होती, खरं सांगते. एका वायरच्या इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या, कारण भिंतीपलीकडे घरमालकांची खोली होती.

पहिल्या सीझनचा दुसरा भाग. पळवून नेलेल्या लहान मुलाला सोडवायला नायक, मॅट, एका कॉरिडॉरमध्ये शिरतो. तो प्रसंग सगळ्यांनाच पाठ असेल. कॅमेरा कॉरिडॉरमध्येच फिरत राहतो, मॅट खोलीत घुसतो आणि आपल्याला फक्त आतली आदळआपट ऐकू येते. मग दारातून एखादा माणूस बाहेर फेकला जातो. एकदा तर मायक्रोवेव्ह येतो. मॅट दमतो, भिंतीला टेकतो, श्वास घेतो, परत जातो. भाऊ मध्येच म्हणाला, "ताई, आत काय चाललंय?" मी म्हटलं, "मलाही दिसत नाहीये. कॅमेरा बाहेरच आहे." तो एकदम सरळ होऊन बसला. म्हणाला, "म्हणजे आत्ता तू आणि मी सारखंच ऐकतोय?"

तिथून ती मालिका त्याची झाली. माझी नाही, त्याची.

तिसरा सीझन २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आला तेव्हा मी लग्न होऊन ठाण्यात होते. शेवटचा भाग त्यानं सांगलीत आणि मी इथं, फोन चालू ठेवून एकाच वेळी लावला. मॅट, त्याचा वकील मित्र फॉगी आणि त्यांची मैत्रीण कॅरेन पेज, तिघं फॉगीच्या घरच्यांच्या मटणाच्या दुकानात बसलेत, फॉगी कागदी रुमालावर नव्या फर्मचं नाव लिहितो, नेल्सन, मरडॉक आणि पेज. मग शेवटी ऑपरेशन टेबलावर खलनायक डेक्स डोळा उघडतो. पुढच्या सीझनचं दार सताड उघडं ठेवून मालिका थांबली, आणि २९ नोव्हेंबरला बातमी आली की रद्द. भाऊ त्या रात्री जेवला नाही. कुणाला हे पोरकट वाटेल, पण त्याच्यासाठी ती तीन माणसं म्हणजे तीन आवाज होते आणि ते आवाज एका रात्रीत बंद झाले होते.

सहा वर्षांनी, २०२५ मध्ये, मालिका 'बॉर्न अगेन' नावानं परत आली. मी सगळी बघितली. त्याला मात्र कुणीतरी आधीच सांगितलं की फॉगी पहिल्या पंधरा मिनिटांत मरतो. तो म्हणतो, "ताई, माझी मालिका २०१८ ला संपली. मला नको."

माझे दोन प्रश्न. एक, एवढी चांगली चाललेली मालिका तेव्हा का तोडली, हे कुणी नीट सांगेल का? त्याला आजही वाटतं की लोकांनी पुरेशी पाहिली नाही म्हणून बंद पडली. आणि दुसरा, मी त्याच्यामागे लागावं का? मला नवी मालिका आवडली, पण 'तीच' आहे असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाहीये.

रात्रपाळी

गच्चीवरची, तुमच्या भावाला पहिल्यांदा हे सांगा की दोष बघणाऱ्यांचा नव्हता. मी अंधेरीत सबटायटलच्या कामात आहे, हक्क कुणाचे आणि पैसा कुणाचा हेच दिवसभर कानावर पडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डेअरडेव्हिल नेटफ्लिक्सवर दिसायची, पण पात्रं नेटफ्लिक्सची नव्हती. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये डिस्नेबरोबर करार झाला होता. डेअरडेव्हिल, जेसिका जोन्स, ल्यूक केज, आयर्न फिस्ट आणि मग चौघांची मिळून डिफेंडर्स. बनवणार मार्व्हल टेलिव्हिजन आणि एबीसी स्टुडिओज, दोन्ही डिस्नेच्याच घरचे. नेटफ्लिक्स पैसे मोजणार आणि दाखवणार. भाड्याच्या घराला भाडेकरूनं कितीही जीव लावून रंग दिला तरी सातबारा मालकाच्याच नावावर असतो.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये डिस्नेनं जाहीर केलं की आम्ही स्वतःची स्ट्रीमिंग सेवा काढणार. त्या दिवसापासून नेटफ्लिक्स आपल्या पैशानं उद्याच्या प्रतिस्पर्ध्याची पात्रं मोठी करत होतं. आता तारखा बघा. १२ ऑक्टोबर २०१८ ला आयर्न फिस्ट गेली. आठवड्याभरात ल्यूक केज. २९ नोव्हेंबरला डेअरडेव्हिल. फेब्रुवारी २०१९ मध्ये पनिशर आणि जेसिका जोन्स एकाच दिवशी. चार महिन्यांत पाच मालिका. कारण कुणी या शब्दांत बोलून दाखवलं नाही, पण पाचही एकदम लोकांना नकोशा झाल्या यावर माझा तरी विश्वास नाही. १२ नोव्हेंबर २०१९ ला डिस्ने प्लस सुरू झालं.

तिसऱ्या सीझनचे प्रमुख लेखक एरिक ओल्सन यांनी चौथ्या सीझनचा आराखडा नेटफ्लिक्ससमोर मांडूनही झाला होता. म्हणजे लिहिणारे तयार, नट तयार. मला याचंच जास्त वाईट वाटतं. वर, रद्द झाल्यावर दोन वर्षं ही पात्रं दुसरीकडे वापरायची नाहीत अशी अट करारात असल्याचं तेव्हा छापून आलं होतं. चाहत्यांनी 'सेव्ह डेअरडेव्हिल' मोहीम त्या दोन वर्षांतही तेवत ठेवली. डिसेंबर २०२१ मध्ये स्पायडरमॅनच्या चित्रपटात मॅटचं काम करणारा चार्ली कॉक्स पांढरी काठी घेऊन बसलेला दिसला आणि त्याच आठवड्यात 'हॉकआय' मालिकेत डेअरडेव्हिलचा खलनायक फिस्क आला, तेव्हा मी रात्रपाळी संपवून पहिल्या लोकलनं घरी येत होतो आणि डब्यात एकटाच हसत होतो.

एक गोष्ट भावाला जरूर सांगा, त्याला कदाचित माहीत नसेल. १० एप्रिल २०१५ ला मालिका आली तेव्हा तो वर्णनाचा ट्रॅक नव्हता. आंधळ्या नायकाची मालिका आंधळ्यांनाच बघता येत नाही यावरून दृष्टिहीन प्रेक्षकांनी आवाज उठवला आणि चार दिवसांत, १४ तारखेला, नेटफ्लिक्सनं तो दिला. असा ट्रॅक मिळालेली ती त्यांची पहिली मालिका. तुम्ही दोघं जे ऐकत होता ते कुणीतरी भांडून मिळवलेलं होतं.

कोयनाकाठ

मी वेगळं मत मांडते. नका लागू त्याच्या मागे.

मी शाळेत असताना यंग जस्टिस ही सुपरहिरोंची कार्टून मालिका बघायचे. दोन सीझन झाले आणि २०१३ मध्ये कार्टून नेटवर्कनं बंद केली. का, तर खेळणी खपली नाहीत. मालिकेचा खर्च खेळण्यांच्या कंपनीच्या पैशावर उभा होता, खेळणी चालेनात म्हणून पैसा थांबला, हे निर्माते ग्रेग वाइझमन यांनीच सांगितलंय. शेवटच्या भागात वॉली वेस्ट, आमचा लाडका वॉली, उत्तर ध्रुवावर डोळ्यांदेखत विरघळून जातो. आम्ही मैत्रिणी पैजेवर सांगायचो की तो मेला नाही, स्पीड फोर्स नावाच्या दुसऱ्याच मितीत अडकलाय, मालिका परत आली की येईल.

२०१६ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं की मालिका परत येतेय. मी हॉस्टेलच्या जिन्यात नाचले होते. जानेवारी २०१९ ला तिसरा सीझन आला, नंतर चौथाही, तो जून २०२२ ला संपला. वॉली आला नाही. त्याच्या प्रेयसीच्या, आर्टेमिसच्या, मनात आला, भास म्हणून आला, खरा आला नाही. आणि त्यानंतर पाचवा सीझन नाही. परत तेच.

मला तो तिसरा-चौथा सीझन वाईट वाटला असं नाही. पण सहा वर्षं मी जी मालिका मनात चालवत होते ती वेगळी होती आणि ती या नव्या सीझनांनी पुसली. आता आठवायला गेलं तर माझा वॉली आठवत नाही, त्यांचा आठवतो. तुमच्या भावाजवळ तो कागदी रुमाल शाबूत आहे. राहू द्या.

शनिवारी दुपारी बारा

मी तुमच्या सगळ्यांपेक्षा वयानं मोठा असणार, मी शक्तिमानच्या काळातला. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली तेव्हा मी सातवीत होतो, आधी शनिवारी दुपारी लागायची, मग रविवारी. आमच्या वाड्यात एकच रंगीत टीव्ही. २००५ मध्ये बंद झाली. दूरदर्शनवरच्या वेळेचे पैसे वाढत गेले आणि ते परवडेना, असं मुकेश खन्नांनी मुलाखतींत सांगितलंय. तेव्हा आम्हाला यातलं काही कळलं नाही. एक दिवस लावली, लागली नाही.

एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनच्या वेळी दूरदर्शननं ती पुन्हा दाखवली. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. मी त्याला मांडीवर घेऊन बसलो. त्याला धूर, तारा, गिरक्या काहीच पटेना. पण शेवटी 'छोटी छोटी मगर मोटी बातें' लागलं आणि मुलं "सॉरी शक्तिमान" म्हणाली तेव्हा तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबा, तुम्ही पण म्हणायचात?" म्हणायचो. दात न घासता शाळेत गेलो होतो एकदा, त्या दिवशी संध्याकाळी मनातल्या मनात म्हटलं होतं.

२०२२ मध्ये सोनी पिक्चर्सनं शक्तिमानच्या चित्रपटाची घोषणा केली. मी अजून वाट बघतोय आणि बघत राहणार. कोयनाकाठ, तुमचं दुःख कळलं, पण परत आलेल्या मालिकेमुळे मला माझ्या मुलाबरोबर एक दुपार मिळाली. गच्चीवरचीला भावाबरोबर मिळत असेल तर तिनं ती घ्यावी.

हडसनपार

मी जर्सी सिटीत राहते. गच्चीवरची, तुला 'तीच आहे' असं ठामपणे सांगता येत नाही याचं कारण आहे. त्या एका सीझनमध्ये दोन मालिका आहेत.

२०२२ मध्ये अठरा भागांची घोषणा झाली होती. २०२३ च्या मार्चमध्ये इथं न्यूयॉर्कमध्ये चित्रीकरण सुरू झालं, मग लेखकांच्या संपात थांबलं. तोवर निम्मेही भाग झाले नव्हते. जे झालं होतं ते बघून मार्व्हलनं मुख्य लेखकच बदलले, पनिशरवर काम केलेले डारिओ स्कार्डापेन आले, जस्टिन बेन्सन आणि आरन मूरहेड हे दिग्दर्शक आले. पहिल्या आराखड्यात फॉगी आणि कॅरेनला जागाच नव्हती. नव्या मंडळींनी त्या दोघांना परत बोलावलं, पहिला भाग नव्यानं केला, शेवटचे दोन भाग नव्यानं केले, आणि मधल्या जुन्या भागांना जोड दिले. म्हणून नऊ भाग. म्हणूनच पहिला, आठवा आणि नववा भाग एका कापडाचा वाटतो आणि मधला दुसऱ्या. शिवण दिसते. मी ती दिसत नाही असं म्हणणार नाही.

पण मधल्या कापडातही चांगले तुकडे आहेत. मॅट लढवतो तो हेक्टर आयालाचा खटला बघ. हेक्टरचं काम करणारे कामार दे लोस रेयेस डिसेंबर २०२३ मध्ये गेले, त्यांना हे पडद्यावर बघायला मिळालं नाही. आणि पाचवा भाग, बँकेतला! मॅट कर्ज मागायला गेलाय आणि समोर आमच्या जर्सी सिटीत राहणारा युसूफ खान, म्हणजे आपले मोहन कपूर. नव्वदच्या दशकात झी टीव्हीवर 'साप सीढी' घेऊन यायचे तेच. माझ्या आईनं तो आवाज स्वयंपाकघरातून ओळखला आणि हात पुसत बाहेर आली. तुझा भाऊ बँकेत आहे का गं? सहज विचारते, त्याला तो भाग आवडेल.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. फॉगी मरतो एवढंच त्याला माहीत आहे. कसा मरतो ते त्याला कुणी सांगितलंय का? जोसीच्या बारबाहेर गोळी लागते. मॅट तेव्हा डेक्सशी झुंजत छतावर गेलेला असतो. फॉगी खाली रस्त्यावर आहे, कॅरेन त्याच्याजवळ आहे, आणि मॅटला वरून फॉगीच्या काळजाचे ठोके ऐकू येताहेत. मारामारी चालू आहे, आणि त्याच्या खाली ते ठोके. हळू होत जातात. मग थांबतात. आपण बघतो छतावरची मारामारी, पण घडतं ते सगळं कानात. माझ्यासारख्या डोळस बाईलाही तिथं डोळे मिटावेसे वाटले. हे करणाऱ्यांना जुनी मालिका कशामुळे जुनी मालिका होती ते नक्की कळलं होतं.

मागे लागू नकोस. फक्त हे सांग आणि गप्प बस.

कोयनाकाठ

हडसनपार, हे वाचून मी तो प्रसंग परत लावला, हेडफोन घालून. पहिल्या वेळी मी मारामारीच बघत बसले होते, ठोक्यांकडे लक्षच गेलं नव्हतं. गच्चीवरची, माझं 'नका लागू' अजून तिथंच आहे, पण आधीइतकं ठाम राहिलं नाही.

गच्चीवरची

उशिरा लिहितेय, गेला शनिवार-रविवार सांगलीत होते.

हो, भाऊ बँकेतच आहे. हडसनपार, तुझा अंदाज बरोबर निघाला.

शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर त्याला रात्रपाळींनी लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. तारखांपाशी त्यानं मला थांबवून परत वाचायला लावलं. १४ एप्रिलचं ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "चार दिवसांत?" मग हडसनपारचं ठोक्यांचं वाचलं आणि लॅपटॉप मिटून बसले. मागे लागले नाही. दहा-पंधरा मिनिटांनी तोच म्हणाला, "लाव. तेवढंच."

मी आधी दोनदा बघून ठेवलं होतं, सांगताना अडखळायला नको म्हणून. या वेळी वर्णन मीच करायचं असं त्यानं ठरवलं. आई झोपली होती, म्हणून परत तोच प्रकार, एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या. बारमधला फॉगीचा आवाज आला आणि त्याचा चेहरा जसा झाला ते मी लिहू शकत नाही. सहा वर्षांत माणूस जाड झाला, केस कापले, हे मला दिसत होतं. त्याच्यासाठी आवाज होता तसाच होता.

गोळीपर्यंत मी सांगत गेले. मारामारी जिन्यावरून वर गेली, तेही सांगितलं. छतावर पोचलो आणि माझं बोलणं आपोआप बंद झालं. ठोके होते, कॅरेन होती. मग फक्त कॅरेन होती.

त्यानं हात पुढे करून थांबव म्हणून खूण केली. म्हणाला, "तू गप्प का झालीस? गाळलंस?"

मी म्हटलं, "नाही रे. जे ऐकू येत होतं तेवढंच होतं."

त्यानं तो तुकडा मला दोनदा मागे घेऊन लावायला लावला. ठोका आधी थांबतो की मॅटचा श्वास, हे त्याला नक्की करायचं होतं. मग म्हणाला आता बास, आणि आम्ही तिसऱ्या सीझनचा शेवटचा भाग लावला, मटणाच्या दुकानातला. दीड वाजता झोपलो. कोयनाकाठ, तुझ्यासाठी मुद्दाम सांगते, रुमालाचा प्रसंग त्यानं पूर्ण ऐकला आणि पुसला गेला असं काही म्हणाला नाही. रडला मात्र, आणि मीही.

रविवारी संध्याकाळी मला गाडीत बसवायला स्टँडवर आला होता. गाडी लागायच्या आधी विचारलं, "बँकेचा भाग कितवा म्हणालीस?" मी म्हटलं पाचवा, पण मधले तीन राहिलेत. तो म्हणाला, "मग पुढच्या शनिवारी लवकर ये."